सभागृहाबाहेर लिहिले जाणारे कायदे

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा रस्ता नरपड ओलांडून चिखल्यात शिरतो. एका अंगाला सुरूची बने आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या, पलीकडे पश्चिम रेल्वेचे रूळ आणि पाडे. या गावात भरतीरेषेपासून किती अंतरावर घर बांधता येईल, ते किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना ठरवते. तालुक्यात कोणता कारखाना येईल आणि कोणता येणार नाही, याचा निकाल २० जून १९९१ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेवर लागतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची असेल, तर महसूल संहितेचे कलम ३६ अ आडवे येते, तेही राज्यपालांनी अधिसूचनेने घातलेल्या दुरुस्त्यांसह. एखाद्या पाड्याला स्वतंत्र गावाचा दर्जा हवा असेल, तर पंचायतींच्या अनुसूचित क्षेत्र विस्तार कायद्याखालचे, म्हणजे पेसाचे, २०१४ चे नियम उघडावे लागतात.

हे सगळे मजकूर कायद्याइतकेच बंधनकारक आहेत. ज्या मूळ कायद्यांच्या आधाराने ते निघाले, त्या कायद्यांवर सभागृहात मते पडली. गावाला प्रत्यक्ष भिडणाऱ्या या मजकुरांवर मात्र ना लोकसभेत कलमवार मतदान झाले, ना विधानसभेत.

शाळेच्या नागरिकशास्त्रात कायदा कसा होतो ते नेमके शिकवलेले असते. मंत्री विधेयक मांडतो, पहिले वाचन होते, दुसऱ्या वाचनात चर्चा आणि कलमवार दुरुस्त्या, तिसऱ्या वाचनात अंतिम मत, मग दुसरे सभागृह, मग राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी. यात चुकीचे काही नाही. पण डहाणू-तलासरीच्या माणसाचे आयुष्य ज्या ओळींनी बांधले आहे, त्यातल्या बहुतेक ओळी राजपत्रातल्या प्रसिद्धीनंतर, मंत्रालयांतल्या टेबलांवर लिहिल्या गेल्या. संसदीय लोकशाहीची खरी कसोटी आता तिथे आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने लेखणी ज्याच्या हाती दिली, त्याने काय लिहिले हे ते सभागृह वाचते का, हा आज विचारायचा प्रश्न आहे.

अधिकार सोपवण्यावाचून इलाज नाही, हे मान्य करायला हवे. भरतीरेषा गावागणिक बदलते, प्रदूषणाची मोजमापे विज्ञानाबरोबर बदलतात. प्रत्येक आकडा संसदेने ठरवायचा म्हटले तर कारभार ठप्प होईल. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली संसदेने पर्यावरण (संरक्षण) कायदा केला. तो अवघा २६ कलमांचा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने पर्यावरण राखण्यासाठी आवश्यक वाटतील ते सगळे उपाय करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्या आधारावर फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. २०११ मध्ये ती नव्याने लिहिली गेली, २०१९ मध्ये पुन्हा. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा बांधकामबंदीचा पट्टा होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आणला. कोळीवाड्याच्या आणि वाडीच्या भवितव्याशी जोडलेला एवढा मोठा फेरबदल झाला, तरी मूळ कायद्याचे एक अक्षरही हलले नाही.

डहाणूने या पद्धतीचे दोन्ही चेहरे पाहिले आहेत. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांवर मर्यादा घातल्या आणि भोवती २५ किलोमीटरचा पट्टा आखला. ती कागदावर राहते की काय अशी अवस्था आली, तेव्हा पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९६ मध्ये आदेश दिला आणि डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. याच प्राधिकरणाने डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली आणि १९९८ साली वाढवणच्या प्रस्तावित बंदराला नकार दिला. चिकूच्या बागायतदारांना आणि मच्छीमारांना या काळात ज्या कागदाचा आधार मिळाला, ती एक अधिसूचनाच होती.

पण अधिसूचनेने दिलेले अधिसूचनेहून हलक्या कागदानेही पातळ होते. एप्रिल २०२० मध्ये देश टाळेबंदीत असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे, जेट्टी आणि गाळ उपसण्याची कामे ‘बिगर-औद्योगिक’ वर्गात टाकली. जूनमध्ये पर्यावरण मंत्रालयाचे कार्यालयीन ज्ञापन आले आणि डहाणूत उद्योगांवर असलेली बंदी बंदराला लागू नाही, असा अर्थ निश्चित झाला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला ना हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

बंदर हवे की नको, यावर या किनाऱ्यावरच दोन मते आहेत. रोजगाराची आशा धरणारी तरुण मुले खोटी नाहीत आणि मासेमारीचा पट्टा जाईल म्हणून वर्षानुवर्षे आंदोलन करणारे मच्छीमारही खोटे नाहीत. न्यायालयाने कायद्याच्या चौकटीत निर्णय दिला आहे. आक्षेप आहे तो त्या चौकटीच्या घडणीवर. बंदर हा उद्योग धरायचा की नाही, हा देशातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एकाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. त्याचे उत्तर एका वर्गीकरणाने आणि एका ज्ञापनाने दिले. मूळ कायद्याखाली केलेले नियम संसदेच्या पटलावर तीस दिवस ठेवावे लागतात. ज्ञापन ठेवावे लागत नाही. त्यामुळे पालघरच्या खासदाराला त्या मजकुरावर दुरुस्ती सुचवण्याची संधीच नव्हती. बंदराच्या बाजूने बोलणाऱ्या खासदारालाही नव्हती, आणि विरोधात बोलणाऱ्यालाही नसती.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून इथे कायदा घडवणारा आणखी एक हात आहे. त्याचा इतिहास लोकशाहीच्या आधीचा आहे. १९३५ च्या कायद्याखाली इंग्रजांनी डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवले. तिथे कोणता कायदा लागू करायचा, ते गव्हर्नर ठरवणार होता. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर या कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांनी वेठबिगारी नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. त्या वेळी मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळच नव्हते. १९३९ पासून गव्हर्नरची राजवट होती. ज्यांच्यावर गोळी चालली, त्यांच्या वतीने प्रश्न विचारायला प्रांतात एकही सभागृह चालू नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत पाचव्या अनुसूचीचा नवा मसुदा मांडला. तिच्या पाचव्या परिच्छेदाने राज्यपालांना असामान्य अधिकार मिळाला. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक फेरफारासह लागू आहे, असे ते अधिसूचनेने जाहीर करू शकतात. निवडून न आलेली एक व्यक्ती निवडून आलेल्या सभागृहाने केलेला कायदा बदलू शकते! बहुसंख्याकांच्या सभागृहात आदिवासींचा आवाज बुडेल, या भीतीपोटी दिलेले हे कवच आहे, आणि ती भीती निराधार नव्हती.

महाराष्ट्रात हे कवच आदिवासींच्या बाजूने वापरले गेले, तसे उलटही वापरले गेले. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींच्या हाती थेट देण्याची वाट राज्यपालांच्या अधिसूचनेनेच मोकळी झाली. २०१६ मध्ये कलम ३६ अ मध्ये फेरफार करून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्याच्या परवानगीआधी ग्रामसभेची मंजुरी बंधनकारक केली गेली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, रेल्वे आणि महामार्गासारख्या रेषीय आणि महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी परस्पर संमतीने होणाऱ्या खरेदीला त्या मंजुरीतून सूट मिळाली. बुलेट ट्रेन, समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून जातात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सुटीचे वजन कळते. ग्रामसभेला अधिकार देणारी ओळ आणि तो आखडून घेणारी ओळ, दोन्ही सभागृहातल्या चर्चेविना लिहिल्या गेल्या.

पाचव्या परिच्छेदातच एक फट आहे. राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी नवे विनियम करायचे असतील, तर जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला घ्यावा लागतो आणि राष्ट्रपतींची संमती लागते. अस्तित्वातला कायदा अधिसूचनेने बदलायचा असेल, तर मात्र मजकुरात यातली एकही अट नाही. आदिवासी आमदारांचे तीन-चतुर्थांश प्राबल्य असलेली परिषद घटनेनेच दिली आहे. पण नेमक्या मोठ्या निर्णयांच्या वेळी तिला विचारणे सरकारच्या मर्जीवर राहते.

सभागृहाने स्वतः मनापासून काम केले तर काय होते, याचा दाखला याच पाड्यांवर सापडतो. मे २००२ मध्ये केंद्रीय वन मंत्रालयाने राज्यांना एक पत्र पाठवून वनजमिनीवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले. पिढ्यानपिढ्या वनजमिनीचे ‘प्लॉट’ कसणाऱ्या आदिवासींवर देशभर घरे-शेते उठण्याची पाळी आली. त्यातून उठलेल्या मागणीने १३ डिसेंबर २००५ रोजी वनहक्क विधेयक लोकसभेत आले. मूळ मसुदा तोकडा होता. हक्क फक्त अनुसूचित जमातींना, जमीन अडीच हेक्टरपर्यंत आणि ताब्याचा पुरावा ऑक्टोबर १९८० च्या आधीचा. १९८० चा कागद वारली किंवा कातकरी घरात कुठून निघणार?

विधेयक किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले. समितीने संघटनांना, अधिकाऱ्यांना, अभ्यासकांना ऐकले आणि मे २००६ मध्ये अहवाल दिला. ताब्याची तारीख १९८० वरून १३ डिसेंबर २००५ वर आली. तीन पिढ्या जंगलावर जगणारे इतर पारंपरिक वननिवासीही कायद्यात आले आणि कायद्याच्या नावातही. जमिनीला मर्यादाच नको, ही समितीची शिफारस सरकारने मानली नाही, पण अडीच हेक्टरचे चार हेक्टर झाले. डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा संमत केला. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून करण्याचे तत्त्व त्यात आले, म्हणून आज पाड्यावरचा माणूस वनपट्ट्यासाठी तहसीलदाराच्या दारात न जाता आपल्या वनहक्क समितीकडे जाऊ शकतो.

अंमलबजावणी रखडली, दावे नामंजूर झाले, मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी मोर्चा काढावा लागला आणि त्यात पालघरचे आदिवासीही चालले, हे सगळे खरे. तरी चालणाऱ्यांच्या हातात एक कायदा होता. मंत्रालयाच्या एका पत्राने सुरू झालेली बेदखली संसदेच्या कायद्याने अडवली, आणि तो कायदा मूळ मसुद्यापेक्षा सरस झाला तो समितीमुळे.

असे असताना संसदेने समित्यांचीच वाट सोडत आणली आहे. चौदाव्या लोकसभेत, म्हणजे वनहक्क कायदा झाला त्या काळात, सुमारे ६० टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. पंधराव्या लोकसभेत हे प्रमाण ७१ टक्के होते. सोळाव्यात ते पाव हिश्श्याच्या आसपास आले आणि सतराव्यात १६ टक्क्यांवर. सतराव्या लोकसभेत निम्म्याहून अधिक विधेयके मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत संमत झाली. शेतीविषयक तीन कायदे जून २०२० मध्ये अध्यादेशाने आले, सप्टेंबरमध्ये समितीविना संमत झाले, राज्यसभेत तर आवाजी मतदानाने. वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते एकाच दिवसात, चर्चेविना मागे घेतले. ते कायदे चांगले होते असे मानणाऱ्यांचेही यात नुकसान झाले; समितीत वर्षभर घासून निघाले असते, तर त्यातले काही टिकले असते.

महाराष्ट्र विधिमंडळाने अलीकडे एकदा वेगळे वागून दाखवले. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये प्रथम मांडले गेले, डिसेंबरमध्ये पुन्हा आले आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला, उद्देशाच्या वाक्यात फेरफार झाले. मूळ आक्षेप मिटले नाहीत असे अनेकांचे म्हणणे आहे, तरी मसुदा बदलला हे नाकारता येत नाही. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. त्या दिवशी सभागृहात विधेयकाला थेट विरोध करणारे एकच आमदार होते, डहाणूचे विनोद निकोले.

विधेयकाबद्दल कोणाचे मत काहीही असो, डहाणूच्या मतदाराला आपला प्रतिनिधी त्या दिवशी कुठे उभा होता हे ठाऊक आहे. उरलेल्या मतदारसंघांतल्या मतदारांना ते तितक्या नेमकेपणाने सांगता येणार नाही, कारण आवाजी मतदानात कोणाचे नाव नोंदले जात नाही. सदस्यांनी मतविभाजन मागितले तरच नावानिशी नोंद होते, आणि आपल्याकडे ते क्वचितच मागितले जाते. नागरिकांच्या स्वातंत्र्याला किंवा जमिनीला हात घालणाऱ्या प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान व्हायलाच हवे. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाच्या नियमांत बदल पुरतो.

सभागृहाचे दुर्लक्ष किती महाग पडते, ते पेसाने दाखवले आहे. दिलीपसिंह भुरिया समितीच्या अहवालानंतर संसदेने डिसेंबर १९९६ मध्ये पंचायतींचा अनुसूचित क्षेत्र विस्तार कायदा केला. राज्यांनी आपले विसंगत कायदे वर्षभरात सुधारायचे होते. महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ मध्ये आले. सतरा वर्षे पाड्याची ग्रामसभा संसदेच्या कायद्यात होती आणि सरकारी दप्तरात नव्हती. नियम कुठे अडले, हे त्या काळात प्रत्येक अधिवेशनात विचारले गेले असते, तर अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागले असते. नियम न करणे हाही कायदा रोखण्याचाच एक मार्ग आहे, आणि त्यावर कोणाचीही सही लागत नाही.

उपाय अवघड नाहीत. ब्रिटनमध्ये महत्त्वाचे दुय्यम विधान दोन्ही सभागृहांनी होकार दिल्याशिवाय अमलातच येत नाही, अशी पद्धत आहे. आपल्याकडे नियम पटलावर ठेवले जातात आणि कोणी हरकत घेतली नाही तर चालू राहतात. लोकांचे हक्क किंवा जमिनीचा वापर बदलणाऱ्या अधिसूचनांसाठी ही पद्धत उलटी करावी आणि ज्ञापने, वर्गीकरणे यांनाही पटलावर आणावे. अधीनस्थ विधान समित्या संसदेत आणि विधिमंडळात आहेतच. त्यांच्या अहवालांवर सभागृहात चर्चेला वेळ मिळावा. राज्यपालांनी पाचव्या परिच्छेदाखाली कायदा बदलण्याआधी जनजाती सल्लागार परिषदेला विचारण्याची प्रथा पाडावी, परिषदेचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे आणि अनुसूचित क्षेत्राविषयीचा राज्यपालांचा राष्ट्रपतींना जाणारा अहवाल विधानसभेतही मांडावा.

केंद्राने २०१४ मध्ये विधेयकपूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरवले. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा, असे त्यात म्हटले आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळले नाही तरी काही बिघडत नाही. महाराष्ट्राने हेच कायद्याने बांधून घ्यावे, आणि अनुसूचित क्षेत्राला लागू होणारा प्रत्येक मसुदा सोप्या मराठीत ग्रामसभांकडे पाठवावा. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी मसुदा टाकून तीस दिवसांत ईमेलने हरकती मागवल्या, तर त्या वाढवणच्या मच्छीमाराकडून किंवा तलासरीच्या शेतमजुराकडून येणार नाहीत. मग त्यांची संमती गृहीत धरली जाते.

सरकारने हे आपण होऊन करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. चिखल्याच्या, नरपडच्या, झरीच्या ग्रामसभेने आपल्या आमदाराला आणि खासदाराला ठरावाने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. गेल्या वर्षभरात या तालुक्याला लागू झालेल्या अधिसूचना, ज्ञापने आणि नियम कोणते? त्यातले किती सभागृहाच्या पटलावर आले? आणि त्यावर तुम्ही कधी, काय बोललात? उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात नोंदवावे.